मधमाश्यांची चूळ

हिरड्या सुजल्या की डॉक्टर क्लोरहेक्झिडिनची चूळ सांगतात. पण ती फार दिवस भरली तर दात डागळतात. म्हणून संशोधकांची नजर वनस्पतींकडे अन् मधमाश्यांकडे वळली. झाडांच्या कळ्यांवरचा चीक आणून माश्या पोळ्याच्या फटी बुजवतात, तेच प्रोपोलिस. लवंगेतल्या युजेनॉलप्रमाणे तेही जंतूंना रोखते. मात्र प्रयोगशाळेच्या बशीतले जंतू मेले म्हणून तोंडातले मरतीलच असे नाही. तिथे ते दातांवर थर करून राहतात अन् लाळ औषध धुऊन नेते. शिवाय प्रोपोलिस पाण्यात फारसे विरघळत नाही, मद्यार्क लागतो. मग ही चूळ लहान मुलांना कशी द्यावी? काहींना तर त्याचे वावडेच असते. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर मी तरी बाटली घेणार नाही. आधी पुरावा मागेन.