'हलक्या' आहारातील जड गोष्टी

घरात फास्ट फूडचा विषय निघाला की बोट हमखास नातवंडांकडे वळते. नूडल्स, बर्गर, पिझ्झा ही त्यांची खाद्ये. आजी-आजोबा मात्र साधे आणि पचायला हलके खाणारे, अशी आपली ठाम समजूत असते. पुण्यातील पेठा असोत वा कोथरूड-हडपसरसारखी उपनगरे, ज्येष्ठांच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला, तर ही समजूत टिकत नाही. सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, अकराच्या सुमारास दोन बिस्किटे, जेवताना पापड आणि लोणच्याची फोड, संध्याकाळी मूठभर फरसाण आणि रात्री 'फारशी भूक नाही' म्हणून पाकिटातले सूप किंवा दूध-ब्रेड. यातील एकही पदार्थ रस्त्यावरच्या गाडीवरचा नाही. परंतु बहुतेक पदार्थ कारखान्यातून किंवा भट्टीतून आलेले असतात आणि मीठ, सोडा, परिरक्षके, रंग यांपैकी काही ना काही त्यांत आधीच मिसळलेले असते. मुले परदेशी आणि घरात दोघेच किंवा एकटेच, अशी कुटुंबे आपल्या शहरात पुष्कळ आहेत. तेथे स्वयंपाकाचा कंटाळा या आहाराला आणखी जवळ आणतो.

ॲडिटिव्ह म्हणजे पदार्थ टिकावा, फुगावा, आकर्षक दिसावा किंवा चवदार लागावा म्हणून तो बनवताना मुद्दाम घातलेले द्रव्य. असे प्रत्येक द्रव्य घातक नसते. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार त्यांना क्रमांक दिलेले आहेत. हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याचा क्रमांक १०० आणि 'क' जीवनसत्त्वाचा ३०० आहे. तेव्हा पाकिटावर आकडा दिसला की विष सापडले, असे समजू नये. ढोबळमानाने १०० च्या घरात रंग, २०० च्या घरात परिरक्षके आणि ६०० च्या घरात चव वाढवणारी द्रव्ये येतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

२०१५ मधील मॅगी प्रकरण वाचकांना आठवत असेल. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या नूडल्सवर बंदी घातली. शिशाचे प्रमाण मर्यादेबाहेर आहे आणि 'एमएसजी घातलेले नाही' हा वेष्टनावरील मजकूर दिशाभूल करणारा आहे, असे आक्षेप होते. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करण्यास सांगितले. त्या तपासणीत शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. त्या काळात घरोघरी शिसे आणि अजिनोमोटो यांचीच चर्चा होती. ग्लुटामेट हे द्रव्य टोमॅटोतही निसर्गतः असते. जपानमधील किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ते समुद्री वनस्पतीतून वेगळे केले. नेहमीच्या प्रमाणात ते बहुतेकांना अपाय करत नाही. ज्येष्ठांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला. तो म्हणजे मसाल्याच्या पुडीतील सोडियमचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ खावे. त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असते. भाजी, आमटी, पोळीतले मीठ याच चमच्यातून वजा व्हायचे आहे. पाकिटावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की त्यातील मीठ कळते. १०० ग्रॅम पदार्थात १००० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाचा अर्धा वाटा झाला. खारट न लागणाऱ्या पदार्थातही सोडियम असते. बिस्किटातील खायचा सोडा, पापडातील पापडखार, सॉसमधील सोडियम बेंझोएट ही सारी त्याचीच रूपे आहेत.

वय वाढते तशी जादा सोडियम बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची क्षमता घटते आणि रक्तवाहिन्या कडक होतात. हृदय अशक्त असेल तर शरीरात पाणी साठते. मग पायांवर सूज येते, रात्री आडवे झाल्यावर धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात अशा तक्रारी घेऊन येणारे ज्येष्ठ आम्हा डॉक्टरांना परिचित आहेत. रक्तदाबाची गोळी वाढत जाते आणि ताटातला पापड तसाच राहतो, हा अनुभवही नित्याचा आहे.

ब्रेडची कथा वेगळी आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड व तत्सम पदार्थांच्या ३८ नमुन्यांची तपासणी केली. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश आढळले. ब्रोमेट हे मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या यादीत होते. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे त्याचा वापर बंद करण्यात आला. खारी आणि नानकटाईत वापरल्या जाणाऱ्या वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवरही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे नियम सुधारत आहेत. तरी सुट्या मालावर घटकांची यादी नसते आणि मैदा, मीठ व तूप हे त्रिकूट तेथेही कायम असते.

रंगांबाबत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ब्रिटनमधील साउदम्प्टन येथे २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांमधील चंचलता वाढल्याचे दिसले. २०१० पासून युरोपात अशा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. बेळगावसह साऱ्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियन आणि कॉटन कँडीतील कृत्रिम रंगांवर बंदी आली. नातवंडाला फिरायला नेणाऱ्या आजोबांनी भडक लाल मंच्युरियन व गुलाबी कापसासारखी मिठाई टाळावी, हे उत्तम.

काही आजारांत विशेष सावधगिरी हवी. दमा असल्यास २२० ते २२८ क्रमांकांची सल्फाइट्स पाहावीत. केशरी दिसणारे जर्दाळू आणि पिवळेधमक बेदाणे गंधकाच्या धुरीने तसे राहतात; काही दमेकऱ्यांना त्याने त्रास होतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ ही फॉस्फेट्स टाळावीत. ती कोला पेयांत व प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये असतात आणि डाळींतील फॉस्फरसपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात शोषली जातात. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये. रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

मग खायचे काय? उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. पाकिटातील सूपाऐवजी मुगाचे कढण किंवा टोमॅटोचे सार करावे. टोस्टऐवजी मऊ धिरडे, घावन किंवा भाजणीचे थालीपीठ द्यावे. कवळी असलेल्यांनी ते ताकात कुस्करून खावे. रात्री भूक मंद असेल तर मेतकूट घालून तूप-भात, मऊ मुगाची खिचडी किंवा नाचणीची आंबील पुरेशी होते. फरसाणाच्या जागी ज्वारीच्या लाह्या किंवा घरी भाजलेल्या पातळ पोह्यांचा चिवडा ठेवावा. हीच भाजणी, हेच धिरडे नातवंडांनाही चालते, म्हणून दोन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र टोमॅटो व डाळींचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

जिभेची संवेदना उतारवयात मंदावते, म्हणून ज्येष्ठ वरून मीठ मागतात. लिंबू, आमसूल, आले, जिरेपूड, हिंगाची फोडणी आणि कोथिंबीर यांनी ती उणीव बरीच भरून निघते. मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जीभ रुळते. ते एकदम बंद मात्र कधीही करू नये. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असताना रक्तातील सोडियम फार खाली गेले, तर वृद्धांना गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते, तोल जाऊन पडण्याची भीती असते.

शुश्रूषा करणाऱ्या सुना-मुलींना आणि मुला-जावयांना एक विनंती. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसापुढून खारी ओढून घेऊन त्याच्यापुढे बेचव पेज ठेवली, तर तो खाणेच सोडतो. उतारवयात वजन घटणे आणि स्नायू झिजणे हा पापडाइतकाच, कित्येकदा त्याहून मोठा धोका असतो. म्हणून आधी पर्याय रुजवावा, मग जुना पदार्थ कमी करावा. रोजचा पापड आठवड्यातून दोनदा आला तरी ते यशच समजावे. बाहेरचा डबा लावला असेल तर मीठ कमी घालण्यास सांगून पाहावे. घरगुती डबेवाल्या ताई ही विनंती सहसा मान्य करतात.

घरातील पाकिटांपैकी नेहमीची चार-पाच काढून त्यांच्यावरील सोडियमचे आकडे एका कागदावर लिहावेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिले तीन घटकही टिपून ठेवावेत. पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर हा कागदही डॉक्टरांपुढे ठेवावा. गोळी वाढवायची की खारी कमी करायची, हा निर्णय त्यामुळे दोघांनाही सोपा जाईल.