क्रिएटिनिन वाढले म्हणून गोळी बंद करायची का?

"बाबांची धाप कमी झाली, पण औषधांनी किडनी बिघडतेय म्हणे!" हृदयविकाराच्या वॉर्डाबाहेर असे फोन नेहमी होतात. पायांवर सूज आणि धाप घेऊन वडील दाखल झालेले असतात. शिरेतून फ्युरोसेमाइड दिल्यावर लघवी मोकळी होते, श्वास सुधारतो; पण रिपोर्टात क्रिएटिनिन १.२ वरून १.६ वर गेलेले दिसते आणि घरचे घाबरतात.

असे का होते? हृदय अशक्त झाले की फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठते. औषध ते लघवीवाटे काढते. त्या ओघात मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त काही काळ कमी पडू शकते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाच्या आतला दाब उतरतो. त्यामुळेही क्रिएटिनिन थोडे वाढते. याची दुसरी बाजूही आहे. शिरांत रक्त तुंबले तर त्या दाबानेही मूत्रपिंडाचे काम मंदावते. म्हणून पाणी निघाल्यावर काहींचे क्रिएटिनिन उलट खाली येते.

अमेरिका आणि कॅनडात झालेल्या 'डोस' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३०८ रुग्णांना फ्युरोसेमाइडची कमी किंवा जास्त मात्रा दिली होती. पहिल्या तीन दिवसांत क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण जास्त मात्रेच्या गटात अधिक होते. साठ दिवसांनी मात्र दोन्ही गटांत तसा फरक उरला नाही.

म्हणजे सूज उतरत असताना झालेली थोडी वाढ डॉक्टर अनेकदा पत्करतात. काळजी वाटावी अशी लक्षणे वेगळी: लघवी कमी होणे, चक्कर, रक्तदाब फार उतरणे, पोटॅशियम वाढणे, किंवा सूज तशीच राहून क्रिएटिनिन चढत जाणे.

घरी आल्यावर रोज सकाळी, लघवी करून, चहाआधी वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवा. जुलाब-उलट्या झाल्या तरी लगेच विचारा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. ती मूत्रपिंडाला त्रास देतात. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असते, तेही विचारूनच वापरा. आणि पोह्यांवर मूठभर शेव भुरभुरण्याची आपली इंदुरी सवय थोडी आवरा!

रिपोर्ट पाहून गोळी स्वतःहून बंद केली, तर पाणी पुन्हा साठते आणि पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. रिपोर्ट आणि वजनाची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करायची की तीच ठेवायची, ते त्यांना ठरवू द्या.