अश्मयुगाचे नकली कारागीर

१८६२ सालच्या जानेवारीतली गोष्ट. लंडनमध्ये भूशास्त्राच्या अभ्यासकांची सभा भरली होती. त्या सभेपुढे उभा राहिला तो कुणी विद्वान नव्हे, तर अंगावर मळके कपडे असलेला एक भटक्या. त्याने चकमकीचे खडे घेतले आणि ठोकता ठोकता त्यातून अश्मयुगीन वाटावीत अशी बाणाग्रे घडवली. मंडळी थक्क झाली. अशीच बाणाग्रे त्यांच्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या संग्रहांत हजारो वर्षांपूर्वीची म्हणून मिरवत होती!

या गृहस्थाचे नाव एडवर्ड सिम्प्सन. पण इंग्लंड त्याला ‘फ्लिंट जॅक’ म्हणूनच ओळखे. यॉर्कशरचा हा माणूस आधी अभ्यासकांना जीवाश्म शोधून देई. एका व्यापाऱ्याने त्याला खरे बाणाग्र दाखवून ‘असे करता येईल का?’ असे विचारले आणि त्याचा धंदाच बदलला. गिऱ्हाईक होते, म्हणून नकली माल होता. बाजाराचा हा नियम अश्मयुगालाही चुकला नाही.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? पहिली साक्ष दगडाच्या कातडीची. ताज्या फोडलेल्या चकमकीचा रंग आणि मातीत हजारो वर्षे पडून राहिलेल्या चकमकीचा रंग यांत फरक असतो. जुन्या दगडावर पांढुरकी वा तपकिरी झाक चढते, कधी चुन्याचे कण घट्ट चिकटलेले असतात. जुन्या झाकेखालून मध्येच काळाभोर, ताजा टवका डोकावला, तर तेवढा भाग नंतर फुटला हे नक्की. दुसरी साक्ष हत्याराची. अश्मयुगीन कारागिराजवळ दगड, हाड आणि शिंग होते, लोखंड नव्हते. नकली कारागिराच्या लोखंडी हातोडीची तांबूस खूण भिंगाखाली कधी कधी सापडते. तिसरी साक्ष वापराची. कापून-खरवडून झिजलेली धार सूक्ष्मदर्शकाखाली आपली कहाणी सांगते.

पण यातली एकही साक्ष एकटी पुरेशी नाही. काही खऱ्या दगडांवर झाक चढतच नाही आणि रंग लावून ती आणताही येते. फ्रान्समध्ये आबेव्हिलजवळ १८६३ साली हेच घडले. बूशे द पर्थ या संशोधकाने प्राचीन माणसाचे अवशेष शोधणाऱ्या मजुराला २०० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले होते. यथावकाश खाणीत मानवी जबडा ‘सापडला’, सोबत दगडी हातकुऱ्हाडीही. जॉन इव्हान्ससारख्या इंग्रज अभ्यासकांना त्या कुऱ्हाडी नव्या वाटल्या. पंडितांची परिषद भरली, तिने आधी मजुरांच्या बाजूने कौल दिला. पुढे मात्र बनाव उघड झाला.

याहून कठीण प्रकार जपानचा. शिनइची फुजिमुरा या हौशी उत्खननकाराला ‘देवाचा हात’ लाभला आहे, असे म्हटले जाई. तो जिथे खणे तिथे लाखो वर्षांपूर्वीची हत्यारे निघत. नोव्हेंबर २००० मध्ये ‘माइनिची शिंबुन’ या दैनिकाने त्याची छायाचित्रे छापली : हत्यारे तो स्वतःच पुरत होता! गंमत अशी, की त्यातली बरीच हत्यारे खरी होती, फक्त खूप अलीकडच्या काळातली. काहींवर तर लोखंडी अवजार घासल्याच्या तांबूस रेघा होत्या. दगड खरा होता, जागा खोटी होती. त्या एका लबाडीपायी जपानच्या शालेय पुस्तकांतला इतिहास दुरुस्त करावा लागला.

म्हणून पुरातत्त्वज्ञ दगडाइतकाच त्याच्या जागेला जपतो. कोणत्या थरात, किती खोल, कशाच्या शेजारी? हे कळले नाही, तर अस्सल दगडही अर्धा मुका होतो. प्रवराकाठच्या नेवाश्याला हसमुख सांकलिया यांनी हत्यारांबरोबर नदीचे थरही बारकाईने वाचले, ते याचसाठी.

पुढच्या सुट्टीत नदीकाठी आपल्या मुलांना धार काढल्यासारखा एखादा दगड दिसला, तर त्याला खिशात घालण्याची घाई नको. तो तिथेच ठेवून फोटो काढावा, ठिकाण लिहून ठेवावे आणि जाणकाराला कळवावे. कपाटात तो नुसता दगड असेल. जागेवर मात्र तो साक्षीदार आहे.