बॅटरी कोण खातंय?

गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक. माझ्या जुन्या मारुती ८००चं महिनाभर हेच चाललं होतं. बॅटरी बदलून पाहिली. नवीही उतरली.

दोष बॅटरीचा की गाडीचा, हे आधी ठरवायला हवं होतं. बॅटरी पूर्ण चार्ज करा. थोडी विसावल्यावर तिच्यावर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. मग दहाच्या पान्याने निगेटिव्ह तार काढून दोन रात्री तशीच ठेवा. तरीही उतरली तर बॅटरीच गेली. टिकली तर गाडीत कुणीतरी चोरून करंट खातंय. तार आधी निगेटिव्हचीच काढायची. प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते, ती एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

आता मल्टिमीटर. त्याची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, चकती डीसी अँपिअरवर. मीटरचं एक टोक निगेटिव्ह पोलला, दुसरं काढलेल्या तारेला. म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाणार. किल्ली बाहेर. दार उघडं ठेवावं लागतं, म्हणून दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं, नाहीतर छतातला दिवाच चोर ठरतो. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

किल्ली काढल्यावरही टेपची मेमरी, घड्याळ थोडं खातातच. ५० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे ०.०५ अँपिअर, चालतं. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला तेवढ्यावर महिना लागेल. माझा मीटर ०.४१ दाखवत होता. दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-तास! दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त बॅटरी फस्त.

मग एकेक फ्यूज उपसायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. ज्या फ्यूजवर पडला, त्या लाइनीवरच चोर. नव्या गाड्यांत आधी अर्धा तास थांबावं लागतं, कारण त्यांची कंट्रोल युनिट्स सावकाश झोपतात. जुनीला ते लाड नाहीत. पण मी सगळे फ्यूज काढले तरी आकडा जेमतेम हलला.

इथे बरेच जण हात टेकतात. खरं तर उत्तर अर्धं मिळालेलं असतं: चोर फ्यूज बॉक्सच्या बाहेर आहे. पहिला संशय अल्टरनेटरवर. त्याची जाड तार थेट बॅटरीकडे येते आणि आतला डायोड खराब झाला की करंट उलटा झिरपतो. ती तार सोडवली (निगेटिव्ह पुन्हा मोकळी करूनच), फरक नाही. मग बॅटरीच्या प्लसवरच्या तारा मोजल्या. त्यांतली एक लाल तार कंपनीची नव्हतीच. मधे स्वतःचा फ्यूज बसवलेला आणि तार थेट सीटखालच्या ॲम्प्लिफायरकडे. तो फ्यूज काढला आणि आकडा ०.०२ वर आला.

ॲम्प्लिफायरला जागं करणारी बारीक निळी वायर टेपच्या निळ्या वायरला हवी. टेप बंद झाला की ॲम्पही झोपतो. बसवणाऱ्याने ती ॲम्पकडे आलेल्या त्याच लाल, कायम चालू असलेल्या तारेला पिळून चिकटपट्टी मारली होती. ॲम्प रात्रंदिवस जागा. वायर हलवायला पाच मिनिटं लागली, शोधायला अख्खा रविवार.

काम झालं की मीटरची लाल वायर आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० अँपिअरमध्येच राहिली आणि उद्या व्होल्ट बघायला टोकं बॅटरीवर टेकवलीत, तर थेट शॉर्ट होतो.