सहा वाजता भोंगे थांबतात

पाथर्डी तालुक्यातलं माझं आजोळ. रविवार, २१ एप्रिल २०१९. संध्याकाळचे साडेपाच झालेत, ऊन अजून पत्र्यांवरून उतरलेलं नाही, आणि मी नि मामी अंगणात चटया टाकतोय. एवढ्यात प्रचाराची जीप बोळाच्या तोंडाशी येऊन थांबते. भोंग्याचा आवाज इतका, की मामी काय सांगते ते ओठांवरून ओळखावं लागतं. "पेटी आत ठेव, धूळ बसंल."

आज ईस्टर. पहाटेची उपासना देवळात झाली. संध्याकाळी तिथे पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून प्रार्थनासभा मामाच्या लिंबाखाली आहे. परवा, मंगळवारी, मतदान. प्रचार आज सहाला बंद होणार, त्यामुळे गाड्यांमागून गाड्या येताहेत.

जीपमधून गळ्यात उपरणं घातलेला एक कार्यकर्ता उतरतो. मामाला वाकून राम राम करतो. मग चटईच्या कडेला उभा राहून सांगतो, "मामा, टँकरची खेप वाढवायची तर वर आपला माणूस पाहिजे. ध्यानात असू द्या." हसून बोलतो, आवाजही चढवत नाही. पण चटई झटकणारा मामीचा हात थांबतो.

ती का थांबली ते मला कळतं. गेल्या ऑक्टोबरात सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात हा तालुकाही आहे. टँकर येतो, गावविहिरीत पाणी ओततो, आणि तळाशी गाळ लागेपर्यंत बायका पोहरे ओढतात. मामाची बैलजोडी महिनाभर चारा छावणीत आहे. तोही रात्री तिथेच झोपतो. मदतीच्या यादीत नाव आहे का, उद्या राहील का, कुणाच्या सांगण्यावरून कटेल, याच बोलण्यात घराघरातली संध्याकाळ जाते. पाण्याची टंचाई मी पुण्याहून येताना रस्त्याभर पाहत आले होते. ही भीती मात्र इथे अंगणात बसल्यावरच दिसली.

माणसं जमतात. एकमेकांना सलाम करतात, चपला एका ओळीत काढतात. ऊसतोडीहून नुकताच परतलेला शेजारचा मुलगा ढोलकी घेऊन येतो, पण ती मांडीवर न घेता मोबाइलच बघत बसतो. सकाळपासून तो तेच करतोय. श्रीलंकेत ईस्टरच्या उपासनेतच स्फोट झालेत. कोलंबो, नेगोंबो आणि बॅटिकलोआ इथली तीन चर्च, शिवाय मोठी हॉटेलं. मेलेल्यांचा आकडा दुपारपासून वाढतोच आहे.

"लेकरं पण होती का?" थोरल्या आजी विचारतात.

"व्हती, आजी."

कुणी बोलत नाही. बोळातून दुसरी जीप जाते. तिच्यावरचा आवाज आम्हाला सुरक्षिततेचं वचन देतो, नावानिशी, चिन्हानिशी.

पाळक पेटीवर सूर धरतात. नारायण वामन टिळकांचं भजन सुरू होतं, 'उपासना संगीता'तलं, इथल्या लेकरांनाही पाठ असलेलं. भोंग्यापुढे शब्द बुडतात, टाळ तेवढे ऐकू येतात. तरी कुणी थांबत नाही.

मग पाळक पवित्र शास्त्र उघडतात. रिकाम्या कबरेवरचा संदेश त्यांनी लिहून आणलाय, मी पाहिलाय. तो कागद ते घडी घालून खिशात ठेवतात आणि १४६वं स्तोत्र काढतात. वाचून झाल्यावर नेहमीच्या बोलीत सांगू लागतात. राजा कितीही मोठा असला तरी एका श्वासावर उभा असतो. तो श्वास थांबला, की त्याच्या सगळ्या योजना त्याच दिवशी थांबतात. "आन् देवाच्या राज्यात पुढच्या रांगेला कोण बसलंय बघा. उपाशी, कैदी, आंधळा, परका माणूस, विधवा, पोरकं लेकरू. तिथं वशिला लावायला दुसरं कुणी लागत न्हाई."

मला साताऱ्याची आठवण होते. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि तिथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला राजा मानणारे सगळे तिथे भाऊ म्हणून एकत्र यावेत, एवढीच त्यांची आस होती. दोन वर्षांत ते गेले. त्या दरबाराचा थाट कसा असेल याची कल्पना मी पुस्तकं वाचताना पुष्कळदा केली आहे. शेणाने सारवलेल्या या अंगणाइतकी जवळची जागा मला तेव्हा सुचली नव्हती.

ढोलकीवाला मुलगा मान वर करतो. "मंग परवा मत द्यायचं का न्हाई? मुकादमाची उचल फिटली न्हाई माझी. कुणाला तरी धरूनच ऱ्हावं लागतं ना?"

प्रश्न खरा आहे. मला उत्तर देता आलं नसतं. देवावर भरवसा म्हणजे हात बांधून बसणं, असं सांगणारी प्रवचनं मी ऐकली आहेत आणि ती मला कधीच पटली नाहीत.

पाळक सावकाश म्हणतात, "मत दे की. उन्हाच्या आत जाऊन ये. पानी मिळंना तर तहसीलला जाऊन भांड, मी येतो संगं. फकस्त तुझं भ्याव त्यांच्यापाशी गहाण टाकू नको. ते सोडवून घेता येत न्हाई."

मुलगा काही बोलत नाही. बोटाने ढोलकीची वादी चाचपत राहतो.

आता आजी बोलतात, न विचारता. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, तळहाताला फोड. "लय पुढारी आले तवा. हार घालून बी येत. आता येकाचं नाव आठवंना. पर शेजारच्या ढिगाऱ्यावरची बाई ध्यानात हाय. आपल्या लेकराच्या वाटची सुकडी माझ्या लेकराला द्यायची. मी इचारलं, का गं? तर म्हणली, देव बघतोय ना, त्यो काय म्हणंल."

एवढं सांगून त्या पदराने तोंड पुसतात. तेवढ्यात बोळातला भोंगा वाक्याच्या मध्येच थांबतो. मी घड्याळ बघते. सहा.

लांब छावणीत एखादं जनावर हंबरतं, तेही ऐकू येतं. पाळक प्रार्थनेला सुरुवात करतात. आधी श्रीलंकेतल्या मंडळीसाठी, आज मेलेल्यांच्या आयाबापांसाठी. मग टँकरच्या ड्रायव्हरसाठी, छावणीतल्या मुक्या जनावरांसाठी. शेवटी दोन्ही मुख्य उमेदवारांसाठी, नाव घेऊन, एकसारख्या शब्दांत. मामीच्या ओठांतून त्या दोन्ही नावांना आमेन येतं.

चटया गुंडाळताना मामी ड्रमचं झाकण काढून आत डोकावते. विहिरीवर मामीशी भांडण झालेली समोरच्या घरातली बाई भिंतीपलीकडे उभी आहे, हंडा कमरेवर. मामी तिच्याकडे बघते, तांब्या उचलते, हंडा अर्धा भरून देते. दोघी बोलत नाहीत.

आजी काठी टेकत फाटकापर्यंत जातात, मग वळून ढोलकीवाल्याला हाक मारतात.

"त्या गावाचं नाव सांग रे परत. रातच्याला घ्यायचंय."

"कोलंबो, आजी."

"कोळंबो," आजी म्हणतात. विसरू नये म्हणून पुन्हा एकदा, "कोळंबो," आणि बोळातून चालू लागतात.