वजन उचला, पण बेताने

“आम्ही दिवसभर पोती उचलतो. मग तालमीत आणखी वजन कशाला उचलायचं?” असं पुष्कळ जण आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पोतं आपली ताकद बघत नाही. ते ५० किलोचं, तर ५० किलोच. कमरेत लचक भरते ती अशानंच. व्यायामात वजन आपण ठरवतो.

एका मजबूत पिशवीत वाळू भरा. १० वेळा नीट उचलता येईल एवढीच. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, पिशवी अंगालगत धरा आणि पायांच्या जोरावर उठा. श्वास कोंडू नका. १० वेळा झाले की दोन मिनिटे थांबा. असे तीनदा करा. मग थोडे जोर काढा, म्हणजे छाती-खांद्यांनाही काम मिळेल.

हे दिवसाआड करावे, आठवड्यातून तीनदा. रोज नको, अंग भरतं ते विसाव्यात. पेरणीच्या घाईत दोन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनाही निदान दोन दिवस सांगते. १२ वेळा सहज जमू लागले की दोन ओंजळी वाळू वाढवा.

बायकांनीही हे जरूर करावे. हाडे बळकट राहतात. छातीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.