ऐच्छिक विषय कशासाठी निवडायचा?

चित्रशाळेची वाट : भाग ६

मागच्या भागात आपण पायाभूत वर्षाची ओळख करून घेतली. ते वर्ष सगळ्यांना सारखे असते. ते संपले की वाटा फुटतात: पेंटिंग, शिल्प, अप्लाइड, टेक्सटाइल, सिरॅमिक. शाखा ठरली की तिचा स्टुडिओ दिवसाचा मोठा भाग व्यापतो आणि त्याच्या जोडीला ऐच्छिक विषय येतात. तो फॉर्म भरताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यातल्या कशाला स्कोप आहे?’ प्रश्न गैर नाही. फी भरणाऱ्याला तो पडणारच. पण ऐच्छिक विषय ठरवायला तेवढा एकच प्रश्न पुरत नाही. या विषयातून आपल्या स्टुडिओतल्या कामाला काय मिळेल, हे आधी पाहायला हवे.

त्यासाठी स्टुडिओत नेमके काय चालते ते पाहू. लाइफ क्लास घ्या. मधल्या चौथऱ्यावर मॉडेल उभे असते आणि भोवती बोर्ड घेऊन मुले बसलेली असतात. नवा विद्यार्थी चेहऱ्यापासून सुरुवात करतो, डोळे-नाक मन लावून काढतो, आणि तासाभराने आकृती कागदावर कलंडलेली दिसते. मग शिक्षक विचारतात, ‘भार कुठल्या पायावर आहे?’ भार असलेल्या पायाच्या बाजूची कंबर वर उचललेली असते आणि त्याच बाजूचा खांदा खाली झुकलेला असतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो साधारण त्याच पायाच्या घोट्याजवळ येतो. शिक्षक पेन्सिल उभी धरून हे दाखवतात. विद्यार्थी सगळे खोडतो आणि पुन्हा मांडतो. शेजारच्याची चूक दुरुस्त होताना आपलीही दिसते, म्हणून हे घरी बसून शिकता येत नाही. स्टुडिओ हा असा रोज डोळा दुरुस्त करण्याचा तास असतो. हजेरीपुरते तिथे बसणाऱ्याचे नुकसान परीक्षेच्या गुणांत कळत नाही, ते पुढे कामात दिसते.

आता ऐच्छिक विषयाकडे येऊ. अप्लाइडच्या एखाद्या मुलीने कॅलिग्राफी घेतली असे समजू. सुरुवातीलाच तिला बोरू तासावा लागतो, आणि देवनागरीसाठी त्याचा काप रोमन लिपीच्या कापाच्या उलट कलाने द्यावा लागतो. रोमनसाठी कापलेल्या टोकाने ‘अ’ किंवा ‘क’ लिहिला तर जाड-बारीक भलतीकडे पडते आणि अक्षर परके दिसते. जाडी हातातल्या साधनातून येते, हे तिला तिथे कळते. त्यानंतर स्टुडिओत मराठी नाटकाचे पोस्टर करताना ती चित्र पूर्ण करून शेवटी संगणकातला एखादा फॉन्ट उचलत नाही. पहिल्या रफपासूनच अक्षराची जागा धरून चालते. ऐच्छिक विषयाने स्टुडिओला दिले ते हे.

या वाटेने किती लांब जाता येते, याचे मोठे उदाहरण मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेल्या र. कृ. जोशी यांचे. ते जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते, कविता लिहीत, आणि पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी शिकवले. विंडोजवर मराठी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे असलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. जे.जे.चेच अच्युत पालव उल्का या जाहिरात संस्थेच्या शिष्यवृत्तीवर मोडी लिपीच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यातून त्यांच्या सुलेखनाला वळण मिळाले. मोडीला त्या काळी ‘स्कोप’ होता असे कोणी म्हटले नसते.

शाखांच्या भिंती आज वाटतात तितक्या जुन्याही नाहीत. जे.जे. १८५७ साली सुरू झाले. तिथे व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग १९३५च्या सुमारास आला. त्याआधीच्या पिढीतले म. वि. धुरंधर तैलचित्रे करत, तशीच पोस्टकार्डे, जाहिराती आणि पुस्तकांची चित्रेही करत. जे.जे.चे तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला आणि त्यातून तयार झालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती नव्या दिल्लीच्या सचिवालयातल्या भिंती आल्या. अहमदाबादच्या एनआयडीत आजही खुले ऐच्छिक विषय असतात. त्यांत वेगवेगळ्या शाखांची मुले एकत्र बसतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. कापडावर काम करणारी मुलगी आणि फिल्मवर काम करणारा मुलगा एकाच टेबलावर आले की दोघांनाही आपल्या सवयी दिसायला लागतात.

निवडताना एका गोष्टीचा हिशेब मात्र करावाच लागतो, तो वेळेचा. सिरॅमिक घेतले तर घाई चालत नाही. माती मळून हवा काढायची, भांडे चाकावर उतरवायचे, मग ते सावलीत सावकाश वाळू द्यायचे. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडे फुटते, कधी शेजारच्या मुलांचीही घेऊन जाते. स्टुडिओच्या सबमिशनच्या आठवड्यात हे धावपळीने उरकता येत नाही. फोटोग्राफीचा खर्च वेगळा, प्रिंटमेकिंगला प्रेसवर पाळी लावावी लागते. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या त्या कार्यशाळेत जाऊन यावे. भट्टी किती दिवसांनी लागते, प्रेस कितीजणांत आहे, साहित्य कॉलेज देते की स्वतः आणायचे, हे तिथल्या मदतनिसांना विचारावे. त्यांच्याइतकी अचूक माहिती माहितीपत्रकात सहसा मिळत नाही.

वार्षिक प्रदर्शनात सीनियरांची कामे लागली की ऐच्छिक विषयाच्या कामाशेजारी त्याच विद्यार्थ्याचे स्टुडिओचे कामही शोधून पाहा. एकाचा दुसऱ्यावर काही परिणाम दिसतो का, हे त्यालाच विचारा. बहुतेक सीनियर भरभरून बोलतात.

पुढच्या आठवड्यात : ज्युरीसमोर काम मांडताना.